पोटाचा घेर आणि पोटाचे ऑपरेशन

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा विषय निघाला की आमच्या डोणगावात हमखास ऐकू येते, “पोट फाडून चरबी काढतात म्हणे!” हा समज आधी दूर व्हायला हवा. चरबी ओढून काढण्याचे ऑपरेशन वेगळे. त्याला लायपोसक्शन म्हणतात. त्यात कातडीखालची चरबी जाते, कंबर बारीक दिसते, पण शुगर जिथल्या तिथे. २००४ साली अमेरिकेत काही लठ्ठ स्त्रियांची नऊ-दहा किलो चरबी अशी काढून पाहिली, तरी शरीरातील इन्सुलिनचे काम सुधारले नाही.

बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रियेत चरबीला हातही लावत नाहीत. दुर्बिणीने जठर लहान करतात. ‘स्लीव्ह’ प्रकारात जठराचा तीन-चतुर्थांशाच्या आसपास भाग काढून केळ्याएवढी नळी ठेवतात. ‘बायपास’मध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. भूक लावणारे घ्रेलिन कमी होते, इन्सुलिनला मदत करणारे जीएलपी-१ वाढते. म्हणूनच बायपासनंतर अनेकांची शुगर वजन उतरण्याआधीच, काही दिवसांत खाली येते. यकृतातली आणि आतड्यांभोवतीची चरबी पुढच्या महिन्यांत ओसरते. मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकाराचे मूळ बहुतेक याच चरबीत असते.

ही चरबी वजनकाट्यावर दिसत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के! आपल्या लोकांची हीच अडचण. म्हणून पुरुषांनी ९० आणि स्त्रियांनी ८० सेंटिमीटरच्या पुढे घेर गेला की शुगर तपासावी. शिंप्याची टेप पुरते.

२०२२ पासून आशियाई लोकांसाठी बीएमआय २७.५ च्या पुढे शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. पाच फूट उंचीच्या बाईसाठी ते साधारण ६४ किलो. मधुमेह नवा असेल तर फायदा जास्त. वर्षानुवर्षे इन्सुलिन घेणाऱ्याचा स्वादुपिंड थकलेला असतो, तिथे आशा कमी. “गोळ्या चालू आहेत, बघू पुढे” असे म्हणत दहा वर्षे घालवणे आम्हाला म्हणूनच पटत नाही. जाहिरात पाहून दागिने मोडायला धावणेही पटत नाही.

आपल्या विदर्भाचे नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये ही शस्त्रक्रिया करून घेतली. २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमद यांना मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणले होते. वजन खूप उतरले, तरी त्याच वर्षी अबुधाबीत त्यांचा इंतकाल झाला. फार उशिरा आलेल्या शरीराची दुखणी एका ऑपरेशनने संपत नाहीत.

नंतरची पथ्ये आयुष्यभराची आहेत. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व कायम घ्यावे लागते. भगिनींनी वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळायची असते. सुरुवातीच्या महिन्यांत रोजा नको, कारण लहान जठरात पाणी दिवसभर घोट घोट करूनच जाते. आजाऱ्याला शरीअतने सवलत दिलीच आहे. पुढे रोजे सुरू करायचे तेही सर्जनला विचारून. इफ्तारला सरबताचा मोठा पेला आणि दोन समोसे एकदम घेतले, तर बायपास झालेल्याला घाम फुटतो, गरगरते, उलटी होते. तेव्हा दस्तरखानवर “आणखी थोडं घे ना” हा आग्रह घरच्यांनी करू नये.