इंजिन कक्षाची स्वच्छता

मोटारीच्या बॉनेटखालील ज्या पोकळीत इंजिन, बॅटरी, रेडिएटर व विद्युत उपकरणे बसविलेली असतात, तिला इंजिन कक्ष म्हणतात. तेथे साचलेली धूळ, तेलाचा चिकटा व पालापाचोळा काढण्याचे काम गॅरेजमध्ये करून घेतले जाते, तसेच साध्या साधनांनी घरीही करता येते. मात्र पाणी, वीज, इंधन आणि उष्णता या भागात एकत्र येत असल्यामुळे भाजणे, आग लागणे व उपकरणे निकामी होणे असे धोके या कामात संभवतात.

उद्देश

स्वच्छ इंजिनावर तेलाची किंवा शीतकाची नवी गळती त्वरित दिसून येते. हा या कामाचा मुख्य लाभ होय. तेलकट थरावर धूळ बसून तो जाड होतो व उष्णता बाहेर पडण्यास अडथळा येतो. एक्झॉस्टच्या तप्त नळीजवळ अडकलेली सुकी पाने किंवा चिंध्या पेट घेऊ शकतात.

मुंबई उपनगरांतील परिस्थिती

वाकोला हा सांताक्रूझ पूर्वेकडील भाग पश्चिम द्रुतगती महामार्गालगत वसलेला आहे. समुद्र जवळ असल्याने मुंबईच्या हवेत क्षार व आर्द्रता अधिक असते. त्यामुळे बॅटरीची टोके, तारांचे जोड व उघडे लोखंडी भाग लवकर गंजतात. उघड्यावर दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या मोटारींत उंदीर शिरून तारांची वेष्टने कुरतडतात. उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस हा रोग पसरतो आणि मुंबईत पावसाळ्यात त्याचे रुग्ण आढळतात. म्हणून असे अवशेष दिसल्यास रबरी हातमोजे व मुखपट्टी वापरावी, लेंड्या कोरड्या न झाडता जंतुनाशकाने भिजवून पुसून घ्याव्यात आणि हातावर जखम असल्यास हे काम टाळावे.

पूर्वतयारी

इंजिन हाताला कोमट लागेल इतके थंड होऊ द्यावे. तापलेल्या इंजिनात शीतक दाबाखाली असते. रेडिएटरचे झाकण तेव्हा उघडल्यास ते उसळून गंभीर भाजते. अनेक मोटारींत विजेवर चालणारा रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून किल्ली काढून ठेवावी.

त्यानंतर बॅटरीचे ऋण टोक प्रथम सोडवावे. जोडताना ते सर्वांत शेवटी जोडावे. हवा आत घेणारी नळी, अल्टरनेटर, फ्यूज पेटी व इलेक्ट्रॉनिक नियंत्रण एकक प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी झाकून घ्यावे. कुर्ला येथील कारखान्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीसारख्या जुन्या मोटारींत कार्ब्युरेटर व डिस्ट्रिब्यूटर हेही झाकणे आवश्यक असते.

पद्धत

सुका कचरा हाताने व मऊ ब्रशने काढावा. नंतर पाण्यात मिसळणारा तेलनाशक द्रव तेलकट भागांवर लावून काही मिनिटे ठेवावा. तो वाळू देऊ नये. प्लॅस्टिकच्या ब्रशने घासून ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. पाणी वापरणे अपरिहार्य असल्यास हलका फवारा पुरेसा होतो. उच्च दाबाचा फवारा विद्युत जोडांच्या रबरी सीलमधून पाणी आत ढकलतो, म्हणून तो वर्ज्य मानला जातो.

पेट्रोल वा रॉकेलने इंजिन पुसण्याची जुनी पद्धत धोकादायक आहे. पेट्रोलची वाफ ठिणगीने पेटते आणि दोन्ही द्रव रबरी नळ्यांना अपाय करतात. बॅटरीच्या टोकांवरील पांढरट-हिरवट थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने निघतो. हे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. चकाकी आणणारे द्रव पट्ट्यांवर पडल्यास पट्टे घसरतात.

शेवटी सर्व भाग कोरड्या फडक्याने पुसून बॉनेट काही काळ उघडे ठेवावे. आवरणे आणि फडकी मोजून बाहेर काढल्यावरच इंजिन सुरू करावे. तप्त भागांवरून थोडी वाफ निघणे स्वाभाविक आहे; इंजिन अडखळत चालल्यास स्पार्क प्लगच्या खाचांत पाणी राहिल्याची शक्यता असते.

सीएनजी व विद्युत वाहने

मुंबईत सीएनजीवर चालणाऱ्या मोटारी मोठ्या संख्येने आहेत. टाकीतील वायू सुमारे २०० बार दाबाने भरलेला असतो आणि तो नळीतून इंजिन कक्षातील दाबनियंत्रकापर्यंत येतो. ही नळी व तिचे जोड केवळ पुसावेत. ते सैल करू नयेत किंवा तारेच्या ब्रशने घासू नयेत. वायूचा वास आल्यास काम थांबवून टाकीची झडप बंद करावी. हायब्रीड व विद्युत वाहनांतील नारिंगी रंगाच्या तारा उच्च दाबाचा वीजप्रवाह वाहून नेतात. त्यांना हात लावू नये.

पुरात बुडालेले वाहन

२६ जुलै २००५ रोजीच्या अतिवृष्टीत सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. मिठी नदी व तिला मिळणारा वाकोला नाला यांच्या काठचा परिसर जलमय होऊन असंख्य वाहने पाण्याखाली गेली. अशा वाहनाचा इंजिन कक्ष घरी धुऊन इंजिन सुरू करणे ही सर्वांत महागात पडणारी चूक ठरते. पाणी दाबले जात नसल्यामुळे सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दट्ट्याची गती रोखते आणि दट्ट्याला जोडणारा दांडा वाकतो. तेलपट्टीवरील तेल दुधाळ दिसणे ही तेलात पाणी मिसळल्याची खूण होय. असे वाहन सुरू न करता ओढून कार्यशाळेत न्यावे. इंजिन सुरू केल्यामुळे झालेल्या हानीची भरपाई मूळ विमापत्रातून साधारणतः मिळत नाही; त्यासाठी स्वतंत्र इंजिन संरक्षण घ्यावे लागते.

सांडपाणी

रस्त्याकडेच्या पर्जन्यजल वाहिन्यांतील पाणी प्रक्रियेविना नाल्यांत जाते. वाकोला परिसरात सांडलेले तेलमिश्रित पाणी वाकोला नाला, मिठी नदी व माहीमची खाडी या मार्गाने अरबी समुद्रास मिळते. त्यामुळे धुण्यापेक्षा फडक्याने पुसण्याची पद्धत अधिक योग्य ठरते. तेलकट फडकी ज्वलनशील असल्याने ती उष्णतेपासून दूर ठेवावीत व गटारात टाकू नयेत.