दोरी ओढण्याआधी

जुनी चेनसॉ हाती लागली की पहिली ऊर्मी येते ती स्टार्टरची दोरी ओढून बघण्याची. या यंत्रांच्या नादी लागलेली माणसं नेमकं तेच टाळतात. अमेरिकेतलं ओरेगन आणि वॉशिंग्टन, कॅनडातलं ब्रिटिश कोलंबिया, दक्षिण जर्मनी, स्वीडन अशा लाकूडतोडीवर जगलेल्या मुलखांत गोठ्यांच्या कोपऱ्यांत आणि गॅरेजांच्या माळ्यांवर अशा करवती कित्येक वर्षं पडून असतात. सिलिंडरला गंज चढलेला असतो, सायलेन्सरमध्ये कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं असतं, कार्बोरेटरमध्ये पेट्रोल वाळून त्याची राळ झालेली असते. अशा वेळी जोर लावून दोरी ओढली तर एका हिसक्यात पिस्टनवर ओरखडे उठतात आणि वाचवता आलं असतं ते इंजिन कायमचं जातं.

म्हणून आधी स्पार्क प्लग काढायचा, भोकातून थोडं तेल सोडायचं आणि यंत्र एक-दोन दिवस तसंच ठेवायचं. मग सायलेन्सर उतरवून एक्झॉस्टच्या खिडकीतून बॅटरीच्या उजेडात पिस्टन बघायचा. रिंगा मोकळ्या आहेत आणि पिस्टनचा पृष्ठभाग गुळगुळीत आहे असं दिसलं की जीव भांड्यात पडतो. उभे चरे दिसले की पुढचा हिशेब बदलतो.

ज्या करवतींसाठी एवढा सोस केला जातो, त्यांत श्टिल कंपनीच्या ‘कॉन्ट्रा’चं नाव फार वर लागतं. १९५९ साली आलेलं हे यंत्र १०६ सीसी, ६ अश्वशक्ती आणि सुमारे १२ किलोंचं. आज हे वजन ऐकून कुणी नाक मुरडेल, पण आधीचे आकडे पाहिले की त्याचं मोल कळतं. आंद्रेआस श्टिल यांनी १९२६ मध्ये श्टुटगार्टला कारखाना काढला, तेव्हाची त्यांची विजेवर चालणारी करवत ४८ किलोंची होती आणि ती उचलायला दोन माणसं लागत. १९२७ मध्ये एमिल लेर्प यांनी थुरिंगियातल्या डोलमार नावाच्या डोंगरावर पेट्रोलची करवत चालवून दाखवली आणि त्या डोंगराचंच नाव कंपनीला दिलं. तीही दोघांचीच. एकट्या माणसानं पेलावी अशी श्टिलची पेट्रोल करवत यायला १९५० उजाडलं. ती १६ किलोंची होती.

कॉन्ट्रानं मधला गिअरबॉक्सच काढून टाकला. क्रँकशाफ्टच्या टोकाला क्लच आणि तिथूनच थेट साखळी. इंजिन जेवढ्या वेगानं फिरेल तेवढ्याच वेगानं साखळीचं चाक फिरणार. जुन्या गिअरवाल्या करवती सावकाश पण हत्तीच्या ताकदीनं कापायच्या. कॉन्ट्रानं त्या जागी वेग आणला. अमेरिकेत ती ‘लाइटनिंग’ म्हणून विकली गेली. पुढची ०७० ही तिचीच वंशज, सिलिंडरही तेवढ्याच मापाचा.

साखळीची गोष्ट वेगळीच आहे. सुरुवातीच्या साखळ्यांचे दात हातकरवतीसारखे असत. ते लाकूड ओरबाडत आणि त्यांना सारखी धार लावावी लागे. १९४६ मध्ये ओरेगनमधले लाकूडतोडे जोसेफ बुफर्ड कॉक्स यांना एका ओंडक्यात भुंग्याची जाडजूड अळी लाकूड पोखरताना दिसली. तिचे जबडे इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखे होते आणि ती आडवी-उभी कशीही, रेषेची पर्वा न करता डावी-उजवीकडे कापत चालली होती. कॉक्स यांनी तोच आकार पोलादात उतरवला आणि एक दात डावीकडचा, एक उजवीकडचा अशी साखळी बनवली. १९४७ मध्ये ती बाजारात आली. आज जगातल्या जवळपास प्रत्येक चेनसॉवर त्याच घराण्यातला दात आहे. इतकं नेमकं निरीक्षण आणि त्याचा इतका दूरवर उपयोग, यंत्रांच्या इतिहासात अशा जोड्या फार सापडत नाहीत.

आता पुन्हा दुरुस्तीच्या बाकावर. पुलर लावून फ्लायव्हील उतरवलं की खाली मॅग्नेटो दिसतो: कॉइल, कंडेन्सर आणि पॉइंट. बॅटरी नाहीच, चुंबक फिरला की वीज. जुनी करवत ‘मेली’ असं जेव्हा मालक म्हणतो, तेव्हा बऱ्याचदा पॉइंटवर नुसता गंजाचा पापुद्रा असतो. प्लग पुसून, पॉइंट घासून बजाज चेतक सुरू करणाऱ्या पिढीला हे वेगळं सांगायला नको. बारीक पॉलिश पेपरची घडी पॉइंटमध्ये धरून हलकेच ओढायची, मग स्वच्छ कागद ओढायचा, म्हणजे धूळ राहत नाही. फट साधारण ०.४ मिलिमीटर ठेवायची. कॉइल आणि फ्लायव्हील यांच्यातलं अंतर जमवायला फीलर गेज नसेल तर व्हिजिटिंग कार्ड मध्ये धरून स्क्रू आवळतात. प्लग इंजिनच्या अंगाला टेकवून दोरी ओढली आणि निळी ठिणगी कडाडली की अर्धं काम झालं.

उरलेलं अर्धं कार्बोरेटरमध्ये. सुरुवातीच्या करवतींच्या कार्बोरेटरमध्ये स्कूटरसारखा फ्लोट असे, त्यामुळे इंजिन सरळच धरावं लागे. उभं झाड आडवं कापायचं तर इंजिन तसंच ठेवून पुढचं पातं तेवढं फिरवायचं. पातळ पडद्यावर चालणारा डायफ्रॅम कार्बोरेटर आला आणि करवत वाकडी, आडवी, उलटी कशीही चालू लागली. त्या काळच्या असंख्य करवतींवर टिलटसन कंपनीचा ‘एचएल’ कार्बोरेटर सापडतो. उघडला की आतला पडदा वाळक्या पानासारखा कडक झालेला असतो. नवा पडदा, नव्या पॅकिंग, जाळी साफ. आणि सुईची छोटी दांडी पडद्याखालच्या खोलीच्या तळाशी समपातळीत आली पाहिजे. ती केसभर वर राहिली तर इंजिन पेट्रोल पिऊन गुदमरतं, खाली राहिली तर उपाशी मरतं.

इथेच या छंदाचं मर्म आहे. ही यंत्रं उघडण्यासाठीच बनवलेली होती. जंगलातल्या छावणीत दुकान नव्हतं, तेव्हा प्रत्येक भाग स्क्रूनं सुटा होणारा आणि सुटा मिळणारा असे. साठ वर्षांनी ती चालू होतात त्यात चमत्कार काही नाही. कुणीतरी पुढे ती उघडेल हे त्या काळच्या कारागिरानं गृहीत धरलं होतं.

अडचण येते ती कंपन्याच उरलेल्या नसतात तेव्हा. रॉबर्ट मॅक्युलॉक यांच्या कंपनीनं १९४९ मध्ये ‘३-२५’ हे मॉडेल आणलं. त्यातला ‘२५’ म्हणजे २५ पौंड, सुमारे ११ किलो. त्या वेळी ही क्रांतीच होती. याच मॅक्युलॉक यांनी १९६८ मध्ये लंडन ब्रिज २४,६०,००० डॉलरना विकत घेतला आणि त्याचे दर्शनी दगड ॲरिझोनातल्या लेक हवासू सिटीत नेऊन तो पुन्हा उभारला. ते शहर त्यांनीच वसवलं होतं आणि तिथे त्यांचा चेनसॉचा कारखानाही होता. पूल अजून उभा आहे. अमेरिकेतली कंपनी मात्र १९९९ मध्ये दिवाळखोरीत गेली. आता मॅक्युलॉकच्या मोठ्या करवतींचे भाग जुन्या दुकानदारांच्या शिल्लक मालातून शोधावे लागतात आणि त्यात गो-कार्टवाल्यांशी स्पर्धा असते. १९५९ पासून मॅक्युलॉकची करवतीच्या घडणीची इंजिनं कार्ट शर्यतींत धावत होती, त्यामुळे जुन्या कार्टवाल्यांनाही तेच पिस्टन हवे असतात.

रंगावरून या मंडळींत कायम दोन तट असतात. एकाला यंत्र शोरूममधून आल्यासारखं चकचकीत हवं असतं; दुसऱ्याला हँडलवरचा उडालेला रंग हवा असतो, कारण तिथे कुणाचा तरी हात वर्षानुवर्षं घासला आहे. दुसऱ्यांचंच खरं. रॉकेलनं मळ काढावा, आटे दुरुस्त करावेत, आणि जिथे मॅग्नेशियमच्या आवरणावर पांढरी भुकटी धरली आहे तिथेच हात घालावा. तिथेही जपून: मॅग्नेशियमचा बारीक भुगा पेट घेतो आणि पाणी ओतलं तर आग आणखी भडकते. शेजारी कोरड्या वाळूची बादली लागतेच.

सुरू झालेल्या करवतीचं ट्यूनिंग कानानं होतं. रिकाम्या हवेत पूर्ण रेस दिली की आवाज थोडा फडफडता, भरडा यायला हवा. याचा अर्थ मिश्रणात पेट्रोल किंचित जास्त आहे आणि त्यासोबत तेलही पुरेसं पोचतं आहे. पातं ओंडक्यात रुतलं, भार आला, की तोच आवाज एकसंध होतो. हवेतच स्वच्छ, तीक्ष्ण किंचाळणारं इंजिन ऐकायला गोड वाटतं, पण ते कोरडं चाललेलं असतं. तेलाचं प्रमाणही विचारपूर्वक ठरवावं लागतं. जुन्या पाट्यांवर १६ भाग पेट्रोलला १ भाग तेल असं लिहिलेलं सापडतं; आजचं टू-स्ट्रोक तेल पुष्कळ चांगलं असल्यानं बरेच जण ३२ किंवा ४० ला १ घालतात.

चालवण्याचा आनंद सांगताना धोका झाकून ठेवणं योग्य नाही. या करवतींना चेन ब्रेक नाही. पात्याचं टोक लाकडावर आपटून करवत उलटी उसळली, तर साखळी थांबवणारं काही नाही. श्टिल आणि हुस्कवार्ना या कंपन्यांचे ब्रेक १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला आले. थरथर शोषणारे रबरही नाहीत. ती थरथर वर्षानुवर्षं हातात मुरून लाकूडतोड्यांची बोटं थंडीत पांढरी आणि बधिर पडत. शिवाय साखळी अडकवणारे धागे असलेली आजची संरक्षक विजार मोठ्या जुन्या करवतीच्या जोरापुढे पुरी पडेलच असं नाही. म्हणून जाणती माणसं पाच-सात काप घेतात, ओंडका जमिनीवर पक्का असतानाच, आणि पात्याचं टोक लाकडाला लागू देत नाहीत. झाड पाडायला ती आजचीच करवत घेतात.

पण आजच्या करवतीतही जुनीचाच वारसा आहे. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या आणि रस्ते झाडांखाली गेले. ते मोकळे करायला जे हलके कटर, म्हणजे आजच्या चेनसॉ, चालले, त्यांत जुन्या करवतींचीच तीन अंगं होती: थेट क्लचवरून फिरणारी साखळी, डायफ्रॅम कार्बोरेटर आणि कॉक्सच्या अळीचा दात. कोकणात वाडीवाले ज्या मिस्त्रीकडे कटर दुरुस्तीला टाकतात, त्याच्यासमोर कॉन्ट्रा ठेवली तर पॉइंट सोडून फारसं काही त्याला अनोळखी वाटणार नाही.

अमेरिकेत-कॅनडात जुन्या करवतींचे मेळे भरतात, तिथे सगळ्यांत जास्त गर्दी दोघांनी चालवायच्या करवतीभोवती असते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैन्यासाठी बनलेली, मर्क्युरी इंजिनाची डिस्टन करवत असली तर विचारूच नका. इंजिनाकडचा गडी रेस धरतो, पलीकडचा फक्त मूठ सांभाळतो, आणि आवाजात बोलणं शक्य नसल्यानं सगळं नजरेवर आणि मानेच्या हालचालीवर चालतं. काप पुरा झाला की पेट्रोल काढून घेतात आणि कार्बोरेटरमधलं उरलेलं संपेपर्यंत इंजिन चालू ठेवतात, कारण इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आत राहिलं तर नवे पडदे आणि नळ्या पुन्हा खराब होतात. मग पातं उतरतं, साखळी तेलाच्या डब्यात जाते आणि शेजारच्या टेबलावर कुणीतरी जुन्या कॉइलचा भाव करत असतो.