कोयत्याच्या जिल्ह्यातले प्रकाशसंश्लेषण

१९८७ मध्ये खडू-फळा मोहीम सुरू झाली आणि प्राथमिक शाळांना विज्ञानाची पेटी मिळू लागली. काच फुटली तर जाब कोण देणार, या धास्तीने ती बऱ्याच ठिकाणी कपाटातच राहिली. बीड जिल्ह्यातही प्रकाशसंश्लेषण बहुधा फळ्यावरच उरकायचे: एक सूर्य, एक झाड, चार बाण. व्याख्या पाठ झाली की धडा संपला.

वास्तविक या धड्याचा प्रयोग पेटीवाचूनही जमतो. जास्वंदीची कुंडी दोन दिवस अंधाऱ्या खोलीत ठेवायची. मग एका पानावर काळ्या कागदाची पट्टी दोन्ही बाजूंनी लावून कुंडी दिवसभर उन्हात. संध्याकाळी ते पान आधी पाण्यात उकळायचे, मग स्पिरिटमध्ये. स्पिरिटची नळी कधीही थेट आचेवर धरायची नाही, गरम पाण्याच्या भांड्यात उभी करायची. हे काम गुरुजींनीच करावे. हिरवा रंग स्पिरिटमध्ये उतरतो, पान फिकट, कडक होते. ते कोमट पाण्यात धुऊन त्यावर आयोडीनचे थेंब टाकले की पान पिष्टामुळे निळे-काळे पडते आणि पट्टीखालचा भाग तेवढा पिवळसर राहतो. ऊन पोचले नाही तिथे पिष्ट तयार झाले नाही, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

शिक्षणहक्क कायदा २०१० पासून लागू झाला, २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ आले. कृती, गटकार्य, ज्ञानरचनावाद हे शब्द शाळाशाळांत पोचले. पण त्याच सुमारास दुष्काळाने जिल्हा होरपळत होता. याच धड्याच्या दुसऱ्या प्रयोगासाठी पाणवनस्पतीचे बुडबुडे मोजायचे तर आधी तळ्यात पाणी हवे! १७७९ मध्ये इंगेनहाऊझ यांनी पाण्यात बुडवलेल्या पानांवर हेच बुडबुडे उन्हात येताना आणि अंधारात थांबताना पाहिले होते. जगदीशचंद्र बोस यांनीही प्रकाशसंश्लेषणावरच्या १९२४ च्या ग्रंथासाठी हायड्रिला ही पाणवनस्पती वापरली. इथे मात्र हंड्यातले पाणी प्रयोगाला द्यायचे की प्यायला, हा खरा प्रश्न होता.

फेब्रुवारी २०२० मध्ये बीडजवळ पालवणच्या सह्याद्री देवराईत वृक्षसंमेलन भरले. चांगलेच झाले. पण झाडे लावतानाच्या फोटोंना आपल्याकडे जेवढी हौस, तेवढी एक पान तपासून पाहायला नाही. पुढच्याच महिन्यात करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि धडा मोबाइलवर गेला. चित्रफितीत पान निळे होते खरे, पण ते आपल्या अंगणातले नसते.

या सगळ्यात एक गोष्ट सुटत आली. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली इथली कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. काही मुले हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांजवळ राहतात, काही आई-बापांबरोबर खोपीवर जातात, मोळ्या बांधायला, उसाचे वाढे गोळा करायला हात लावतात. हा धडा दिवाळीनंतर आला, तर नेमकी हीच मुले वर्गात नसतात. गंमत अशी, की ती ज्या पिकात उभी असतात त्यानेच शास्त्रज्ञांना चकवले होते. शोषलेला कार्बन पहिल्यांदा तीन कार्बनी संयुगात सापडतो, असा समज पक्का होता. हवाईतल्या संशोधकांना उसाच्या पानात तो आधी चार कार्बनी आम्लांत सापडला. हे निष्कर्ष १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी त्याचा मार्ग उलगडायला घेतला. उन्हाच्या कडाक्यातही ऊस इतकी साखर का बनवतो, याचे बरेचसे उत्तर त्यात आहे. मका आणि ज्वारीचेही तसेच. उसाचे पान कसे कापते हे ज्या पोराला ठाऊक आहे, त्याला हे सांगायला कोणती पेटी लागते?

तेव्हा बीडच्या शिक्षकांना एवढीच विनंती: पुस्तकात धडा कितव्याही क्रमांकावर असो, पानाचा प्रयोग भाद्रपदातल्या एखाद्या उघडिपीला, ऊसतोडीच्या गाड्या गावाबाहेर पडण्याआधी उरकून घ्या.