शाळेत धर्माचा तास हवा की धर्मांची ओळख?



पेरणीआधी बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक दाखवायला एका गावात गेलो होतो. कार्यक्रम जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात होता. प्रात्यक्षिक आटोपलं अन् विषय निघाला शाळेचा. "पोरांना वळण राहिलं नाही. रोज एक तास धर्माचा ठेवा," असं चार-सहा जण म्हणाले. बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. एक बाप मात्र गप्प होता. मी निघताना तो गाडीजवळ आला, हळूच म्हणाला, "साहेब, त्या तासाला माझ्या पोरीनं कुठं बसायचं?" गावात त्याच्या समाजाची दोनच घरं.

मला तिथं उत्तर देता आलं नाही. म्हणून आज खता-बियाण्यांचा विषय बाजूला ठेवतो.

आधी कायदा पाहू. राज्यघटनेच्या कलम २८ नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. जिल्हा परिषदेची शाळा त्यातच येते. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित खासगी शाळेत असा तास असला, तरी पालकांच्या संमतीशिवाय मुलाला त्यात बसवता येत नाही. ग्रामसभेच्या ठरावानं हे बदलत नाही, याची सरपंच व सदस्यांनी नोंद घ्यावी.

मग मुलांना धर्माविषयी काहीच सांगायचं नाही का? तसं नाही. कोठारी आयोगानं (१९६४-६६) धार्मिक शिक्षण आणि धर्मांविषयीचं शिक्षण यांत फरक केला. २००२ साली अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंही धर्मांची माहिती देण्यास घटनेची आडकाठी नसल्याचं सांगितलं. पूजा कशी करावी, कशावर श्रद्धा ठेवावी हे शिकवणं वेगळं. शेजारी काय मानतो, का मानतो हे समजावणं वेगळं.

यासाठी सामग्री लांबून आणायला नको. वारीची परंपरा आहेच. श्रीगोंद्याचे शेख महंमद मुसलमान घरातले, पण मराठी संतकवी. फादर स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापलं गेलं, तेही मराठी ओव्यांत. १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, ती का, हेही मुलांना कळावं. देव न मानणारी माणसंही नीतीनं जगतात, हेही सांगावं.

मुलं प्रश्न विचारतील, विचारू द्या. नागपंचमीला नागाची पूजा का, असं विचारलं तर परंपरा सांगा. सोबत हेही सांगा, की साप दूध पीत नाही, शेतातले उंदीर खातो. घटनेच्या कलम ५१-क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणं हे नागरिकाचं कर्तव्य म्हटलं आहे. घरी देवपूजा करणाऱ्यालाही ते पाळता येतं.

आता करायचं काय? शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. पोळा, ईद, बुद्धपौर्णिमा, नाताळ या दिवशी त्या-त्या घरच्या आजी-आजोबांना बोलवा, आपल्या सणाविषयी दहा मिनिटं बोलू द्या. मात्र कुणाकडून पूजा किंवा प्रार्थना करवून घेऊ नका. घरचे संस्कार घरी चालू राहतीलच.

अशा तासाला त्या पोरीनं बाहेर बसायची गरज नाही. एखाद्या दिवशी तिचा आजोबाच वर्गात बोलेल, अन् बाकीची पोरं ऐकतील.