शिकाऊ हातात आर-एक्स?

वैजापूर-गंगापूर रस्त्यावर मागून तो कर्कश आवाज आला की चहाच्या टपरीवरच्या माना आजही वळतात. यामाहा आरएक्स १०० भारतात १९८५ साली आली, १९९६ला बंद पडली. तरी पोरांना शिकायला हीच हवी असते.

इंजिन ९८ सीसीचं, ताकद ११ अश्वशक्ती, वजन जेमतेम १०३ किलो. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेरीला स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एकदा. म्हणून तेवढ्याच आकाराची फोर-स्ट्रोक गाडी हिच्यापुढे मवाळ वाटते.

गोम अशी, की ही ताकद सारखी मिळत नाही. कमी फेऱ्यांवर गाडी मरगळलेली. रेस थोडी वाढली की एकदम उसळते. क्लच अजून हाताला न बसलेल्या पोराचं पुढचं चाक तिथेच उचललं जातं. शिवाय रेस सोडली तरी इंजिन गाडीला फारसं अडवत नाही. सगळी भिस्त ब्रेकवर, आणि जुन्या आरएक्सला दोन्हीकडे ड्रमच.

तेलाचंही पथ्य आहे. आरएक्सला ऑइलची वेगळी टाकी असते, पंप ते पुरवतो. टाकी कोरडी पडली की पिस्टन सिलिंडरला धरतो आणि मागचं चाक चालत्या गाडीत जाम होतं. अशा वेळी पटकन क्लच दाबायचा असतो. नवशिक्याला ते सुचणं अवघडच!

गिअरच्या गाडीच्या शिकाऊ परवान्याला वय १८ लागतं. त्यानंतरचे पहिले काही महिने घरातली जुनी शंभर सीसीची फोर-स्ट्रोकच बरी.