बॅटमॅन येईपर्यंत

'गॉथम' पाहणाऱ्या जवळपास प्रत्येकाने कधी ना कधी बोटांवर एक हिशेब केलेला असतो. पहिल्या भागात ब्रूस वेन बारा-तेरा वर्षांचा पोरगा. त्याच वेळी पेंग्विन चांगला बाप्या झालेला आणि रिडलर पोलीस खात्यात नोकरीला लागलेला. म्हणजे ब्रूस मोठा होऊन, देशोदेशी भटकून, विद्या शिकून परत येईल आणि काळा पोशाख चढवेल, तोवर ही मंडळी गुडघेदुखीवर तेल चोळत बसलेली असणार. मग बॅटमॅनने लढायचं कोणाशी? प्रश्न चेष्टेचा आहे, पण फॉक्स वाहिनीवर २२ सप्टेंबर २०१४ ला सुरू झालेल्या आणि २५ एप्रिल २०१९ ला शंभराव्या भागावर थांबलेल्या या अमेरिकन मालिकेची गंमत आणि गोची दोन्ही त्यात आहेत. बॅटमॅनच्या गावाची गोष्ट सांगायची, तीही बॅटमॅन नसताना. पहिल्या रात्री ८० लाखांहून जास्त अमेरिकन प्रेक्षक हे बघायला बसले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून भांडायला लागले. ते भांडण पाच सीझन चाललं.

पूर्वकथेची ओढ आपल्याला नवी नाही. महाभारतात कृष्ण पहिल्यांदा भेटतो तो द्रौपदीच्या स्वयंवरात, चांगला जाणता होऊन. त्याचं गोकुळातलं बालपण सविस्तर येतं ते महाभारताला जोडलेल्या हरिवंशात. कंस मरणार हे कीर्तनाला बसण्याआधीच ठाऊक असतं, आणि तरी माणसं बसतात. बॅटमॅनचा वाचक मात्र बसतो तो दप्तर काखोटीला मारून. बॉब केन आणि बिल फिंगर यांनी १९३९ साली 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या २७ व्या अंकात बॅटमॅन आणला, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्याच्या आईवडिलांच्या खुनाची हकिकत छापून आली. तेव्हापासून ती गल्ली आणि तो दरोडेखोर इतक्या वेळा सांगून झालेत, की वाचकाला ते घरच्या श्राद्धतिथीसारखे पाठ आहेत. अशा प्रेक्षकासमोर पूर्वकथा मांडणाऱ्याची उलटतपासणी होणारच.

ब्रूनो हेलर यांनी हे अंगावर घेतलं. 'रोम' आणि 'द मेंटलिस्ट' या मालिकांमुळे त्यांचं नाव झालेलं होतं. लहान मुलाला नायक करून शंभर भाग रेटणं अवघड, हे त्यांनी ओळखलं. सुपरमॅनच्या तारुण्यावरची 'स्मॉलव्हिल' (२००१ ते २०११) दहा सीझन चालली, तीही नायकाने पोशाख घालायचा नाही आणि उडायचं नाही असं पथ्य पाळून. पण क्लार्क केंटकडे निदान अंगची शक्ती होती. ब्रूसकडे काय, तर दुःख आणि एक बटलर. म्हणून हेलरनी गोष्ट जेम्स गॉर्डनच्या हाती दिली. कॉमिक्समधला पांढऱ्या मिशांचा कमिशनर इथे नवखा डिटेक्टिव्ह आहे आणि वेन दांपत्याच्या खुनाचा तपास त्याच्याकडे आलाय. बेन मॅकेंझीने हा गॉर्डन कायम दात आवळून, कपाळाला आठी घालून केला.

इथेच पहिला अपेक्षाभंग झाला. जाणत्या वाचकांच्या डोळ्यांपुढे दोन नमुने होते. फ्रँक मिलर आणि डेव्हिड मॅझुकेली यांचं १९८७ चं 'इयर वन', ज्यात गॉर्डन बॅटमॅनच्या तोडीचा नायक आहे, आणि २००२ ते २००६ मध्ये निघालेलं 'गॉथम सेंट्रल', ज्यात वटवाघळाच्या सावलीत काम करणाऱ्या साध्या पोलिसांची फरफट आहे. मालिका तशी कोरडी, करकरीत पोलिसी होईल असं त्यांना वाटलं होतं. समोर आला तो दर आठवड्याला नवा विकृत गुन्हेगार. तिसऱ्याच भागातला खुनी भ्रष्ट लोकांना हवामानाच्या मोठ्या फुग्याला बांधून आकाशात सोडून देतो. लोकांना हसावं की घाबरावं कळेना. त्यातून, बॅटमॅनच्या विश्वातली नावं पेरण्याची हौस इतकी, की प्रत्येक दुसरं पात्र प्रेक्षकाला कोपरखळी मारून जायचं. झाडाजवळ बसलेली मुलगी म्हणजे पुढची पॉयझन आयव्ही. कोडी घालणारा पोलीस प्रयोगशाळेतला माणूस म्हणजे रिडलर. क्लबात विनोद करणारा एक पोरगा दिसला, की हाच जोकर का, अशी चर्चा सुरू. ओळखीची नावं भेटल्याचा आनंद दोन भाग टिकतो. तिसऱ्या भागात तो हजेरीपटासारखा वाटायला लागतो.

मालिका वाचवली ती एका छत्रीवाल्याने. फिश मूनी नावाच्या गुंड बाईच्या (जाडा पिंकेट स्मिथ, आणि हे पात्र कॉमिक्समधलं नाही, मालिकेने घडवलेलं) डोक्यावर छत्री धरणारा हरकाम्या ऑस्वल्ड कॉबलपॉट, म्हणजेच पुढचा पेंग्विन. पहिल्या भागाच्या शेवटी गॉर्डनला हुकूम होतो की याला धक्क्यावर नेऊन गोळी घाल, नाहीतर तुझी खैर नाही. मोडक्या पायाचा, भिजलेला, गयावया करणारा माणूस कडेला उभा. गॉर्डन त्याच्या कानाशी लागून सांगतो की पुन्हा या शहरात दिसू नकोस, हवेत गोळी झाडतो आणि त्याला पाण्यात ढकलतो. लगेच पुढच्या दृश्यात तोच लाचार माणूस पैलतीरावर चिखलातून वर येतो, आणि समोर भेटलेल्या कोळ्याचा गळा चिरून त्याचा डबा खातो. रॉबिन लॉर्ड टेलरचा चेहरा त्या अर्ध्या मिनिटात ज्या तऱ्हेने बदलतो, ते पाहून पुष्कळांनी पुढचा भाग बघायचं ठरवलं असणार. मी तर नक्कीच.

आधी तक्रार होती की पेंग्विन एवढा सडपातळ कसा? १९९२ च्या 'बॅटमॅन रिटर्न्स'मधला डॅनी डेव्हिटोचा गोल, किळसवाणा पेंग्विन डोक्यात बसलेला होता ना. ती तक्रार लवकरच विरली. टेलरच्या पेंग्विनला आई होती (कॅरोल केन), आणि लेकराला सम्राट समजणाऱ्या त्या बाईच्या सावलीत हा खुनी माणूस एकदम कुकुलं बाळ व्हायचा. पुढे त्याचा बाप दाखवायची वेळ आली तेव्हा निर्मात्यांनी पॉल रूबेन्सला आणलं, ज्याने 'बॅटमॅन रिटर्न्स'मध्येही पेंग्विनच्याच बापाचं काम केलं होतं. जुन्या चाहत्यांना यासारखी पर्वणी नाही. हजेरीपटातलं नाव आणि खरा मान, यातला फरक त्या एका निवडीत दिसतो.

खलनायक हेच आपलं बळ आहे, हे मालिकेला कळलं. पहिल्या सीझनमध्ये गॉर्डनची वाग्दत्त वधू बार्बरा कीन लोकांना नकोशी झाली होती. दर भागात ती यायची, रडायची, संशय घ्यायची, जायची. सीझनच्या शेवटी लेखकांनी तिला सरळ वेडं केलं. एरिन रिचर्ड्सच्या हाती चाकू आणि ओठांवर हसू येताच तीच बार्बरा लाडकी झाली आणि शेवटपर्यंत टिकली. दुसऱ्या सीझनच्या पहिल्या अर्ध्याला नावच दिलं 'राइझ ऑफ द व्हिलन्स'. नायक आपला आठी घालून हिंडू दे, जत्रा खलनायकांची, असा तो निर्णय. रक्ताचा सढळ वापर आधीपासून होताच. फिश मूनी आपला डोळा दुसऱ्याच्या हाती पडू नये म्हणून तो स्वतःच चमच्याने काढते आणि पायाखाली चिरडते, हे सोमवारी रात्री आठला दाखवलं गेलं. काहींनी तिथेच मालिका सोडली. जे उरले ते असल्या अतिरेकासाठीच उरले. जे आधी वास्तववादी पोलीसकथा शोधत होते त्यांनीही हळूहळू तो हट्ट सोडला. फ्लिप फोन, सत्तरच्या दशकातल्या गाड्या, डबा टीव्ही आणि अत्याधुनिक प्रयोगशाळा एकाच चौकटीत बघून 'ही गोष्ट कधीची?' असं विचारणारे नंतर विचारेनासे झाले. ते गॉथम होतं, बस्स.

सगळ्यात मोठा दंगा जोकरचा. पहिल्या सीझनमध्ये सर्कशीतला एक पोरगा आईचा खून करतो आणि चौकशीच्या खोलीत रडता रडता खदखदून हसायला लागतो. जेरोम व्हॅलेस्का, म्हणजे कॅमेरॉन मोनॅहन. हाच तो, अशी सगळ्यांची खात्री पटली. आणि दुसऱ्या सीझनच्या तिसऱ्याच भागात त्याच्या मानेत सुरा खुपसून त्याला मारून टाकलं. भाग संपतो तेव्हा शहरातले अनोळखी लोक टीव्हीवरचं त्याचं हसू बघून तसंच हसायला लागलेले दिसतात. म्हणजे जोकर हा माणूस नाही, लागण आहे, असं मालिका सुचवत होती. कल्पना झकास. पण अर्धे प्रेक्षक फसवल्याच्या भावनेने चवताळले, आणि तिसऱ्या सीझनमध्ये जेरोम परत आला, कापलेला चेहरा पुन्हा स्टेपल करून. आरसेमहालातल्या मारामारीत ब्रूस त्याला संपवण्याच्या बेतात येतो, आरशाची काच हातात धरतो आणि थांबतो. ब्रूस करणारा डेव्हिड माझूज तेव्हा पंधराचा. पोरसवदा चेहऱ्यावर पुढचा बॅटमॅन क्षणभर दिसून गेला. मला विचाराल तर मालिकेने बॅटमॅन खरा दाखवला तो तिथे.

पुढे जेरोमला जुळा भाऊ निघाला, जेरेमाया, तोही मोनॅहनच. 'जोकर' हे नाव आणि हिरवे केस मात्र मालिकेला वापरू दिले नाहीत, ते सिनेमांसाठी राखलेले. त्यामुळे सबंध पाच वर्षं एका पात्राची सगळी लक्षणं दाखवायची आणि नाव घ्यायचं नाही, अशी कसरत झाली. काहींना त्याचा वैताग आला. काहींना वाटलं, नाव नसल्यामुळेच मोनॅहनला मोकळीक मिळाली.

दप्तर घेऊन बसलेल्यांचा खरा संताप वेगळ्याच ठिकाणी झाला. दुसऱ्या सीझनमध्ये गॉर्डन हतबल झालेल्या गॅलव्हान या खलनायकाला थंडपणे गोळी घालतो. कायदा पाळणारा म्हणून ज्याची ख्याती, तो मारेकरी? चौथ्या सीझनमध्ये तर ब्रूसने रा'स अल घूल या खलनायकाच्या छातीत सुरा खुपसला. बॅटमॅन मारत नाही, हे या धर्माचं पहिलं वचन, आणि इथे धर्मसंस्थापकच ते मोडतो. बाजू घेणारे म्हणाले, एकदा मारलं म्हणूनच तर पुढे मारणार नाही. पटण्यासारखं आहे, पण लगेच पुढच्या भागांत पश्चात्तापाऐवजी ब्रूस नाचगाण्यात आणि पार्ट्यांत वाहवत गेलेला दाखवला, तेव्हा बाजू घेणारेही जरा गप्प झाले. पॉयझन आयव्हीचं तर हसंच झालं. ती मुलगी दोनदा जादूने मोठी झाली, तीन नट्या बदलल्या, आणि कॉमिक्समध्ये जी पामेला आयझली आहे तिचं इथलं नाव आयव्ही पेपर.

तिसऱ्या सीझनमधलं एक वळण मात्र कॉमिक्सच्या कुठल्याही पानावरून आलेलं नव्हतं. पेंग्विन एडवर्ड निग्माच्या, म्हणजे रिडलरच्या, प्रेमात पडतो. निग्माला त्याची जाणीव नाही, आणि त्याला आवडणाऱ्या मुलीचा खून पेंग्विन करवतो. चाहत्यांच्या एका गटाने दोघांची नावं जुळवून 'निग्मॉबलपॉट' केलं, चित्रं काढली, कथा लिहिल्या. दुसरा गट खवळला की आमचे खलनायक असे नाहीत. तिसरा, कदाचित सगळ्यात दुखावलेला गट असा होता, ज्याला वाटलं की आशा लावून पुढे काहीच द्यायचं नाही, हा खेळ आमच्याशी चाललाय. टेलर आणि कोरी मायकेल स्मिथ यांनी ते नातं इतकं गंभीरपणे केलं, की तो वाद वाऱ्यावर उडाला नाही. पूर्वकथेतून असं काही नवं निघालं, की ते मूळ कथेचं देणं लागत नाही, आणि प्रेक्षक त्यावर स्वतःचा हक्क सांगायला लागतो.

आकडे तोवर उतरले होते. शेवटच्या सीझनमध्ये प्रसारणाच्या रात्रीचे प्रेक्षक तीस लाखांच्याही खाली. २०१८ मध्ये मालिका बंद पडणार असं दिसताच चाहत्यांनी मोहीम उघडली आणि फॉक्सने शेवटचा छोटा सीझन दिला. आधी दहा भागांचा, मग शंभरी गाठावी म्हणून बाराचा. अखेरच्या भागात गोष्ट दहा वर्षं पुढे उडी घेते. ब्रूसची मैत्रीण सेलिना काइल इथवर कॅमरेन बिकोंडोव्हाने केली होती, मोठी सेलिना लिली सिमन्सने केली. पेंग्विन आता जाड झालाय, डोळ्याला एकच काच. आणि त्या वयाच्या हिशेबाचं काय केलं? पेंग्विनला दहा वर्षं तुरुंगात, निग्माला आणि जेरेमायाला वेड्यांच्या इस्पितळात ठेवून दिलं. म्हणजे दुकान बंद करून माल गोदामात. बॅटमॅन येतो, पोशाखात उभा राहतो, आणि मालिका संपते. पाच वर्षं वाट बघून एवढंच, असं म्हणणारे पुष्कळ निघाले. वाट बघण्यातच मजा होती, असं म्हणणारेही निघाले. मला वाटतं त्या शेवटात दोष नाही, पण जीवही नाही. ज्या क्षणी बॅटमॅन आला त्या क्षणी 'गॉथम' इतर शंभर बॅटमॅनकथांसारखी झाली.

हेलर आणि त्यांचे सहकारी डॅनी कॅनन यांनी पुढे ब्रूसच्या बटलरची पूर्वकथा केली, 'पेनीवर्थ'. २०२२ मधल्या तिसऱ्या सीझनला तिच्या नावापुढे 'बॅटमॅनच्या बटलरचा उगम' अशा अर्थाची शेपटी जोडली, तेव्हा लोक आधी खोटं समजले, मग मनसोक्त हसले. २०२३ च्या सुरुवातीला ती बंद झाली. पण २०२४ मध्ये एचबीओवर 'द पेंग्विन' आली. ती २०२२ च्या 'द बॅटमॅन' चित्रपटानंतरची गोष्ट, कॉलिन फॅरेल मेकअपखाली ओळखू न येणारा, आणि आडनाव कापून नुसतं कॉब. तीत बॅटमॅन अंगाने कुठेच येत नाही, आणि तो का नाही म्हणून फारसा दंगा झाला नाही. क्रिस्टिन मिलिओटीला सोफिया फाल्कोनीच्या भूमिकेसाठी २०२५ चं एमी मिळालं. हीच सोफिया फाल्कोनी 'गॉथम'च्या चौथ्या सीझनमध्ये क्रिस्टल रीडने केली होती. दोन पेंग्विनांत सरस कोण यावर आता नवं भांडण आहे. फॅरेलचा पेंग्विन जास्त खरा आहे, यात वाद नाही. टेलरच्या पेंग्विनबरोबर जेवायला बसायला मला जास्त आवडेल, डब्यावर नजर ठेवून.