हात, पाठ आणि पोट

मागच्या भागात आपण नखांबद्दल बोललो. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, "नखं कळली, पण गिटारवर जगायचं कसं तेही सांगा." आज तेच सांगतो. फक्त सुरुवात पैशांपासून करणार नाही, एका मुलाच्या हातापासून करतो.

दिल्लीत असलो की कस्तुरबा गांधी मार्गावर माझी एक चक्कर होतेच. पूर्वीचा कर्झन रोड. याच रस्त्यावर मॅक्स म्युलर भवन, चार्ल्स कोरियांनी बांधलेली ब्रिटिश कौन्सिलची इमारत आणि आपलं नवं महाराष्ट्र सदन. गेल्या हिवाळ्यात सदनात जेवत असताना एक ताई आल्या. सोबत सोळा-सतरा वर्षांचा मुलगा. म्हणाल्या, "सर, याची आठव्या ग्रेडची परीक्षा दोन महिन्यांवर आली आहे आणि डावं मनगट दुखतंय. सोसून पुढे जाऊ दे, की थांबवू?"

मला माझं एकोणिसावं वर्ष आठवलं. माझंही हेच मनगट होतं. तेव्हाच्या माझ्या शिक्षकांनी "रियाजात थोडं दुखतंच" म्हणून पुढची रचना हातात दिली. मी सोसलं. पुढे चार महिने गिटारला हात लावता आला नाही.

नव्या श्रोत्यांसाठी एक खुलासा. ब्रिजभूषण काब्रांनी रागसंगीतात आणलेली गिटार आडवी ठेवून, तारेवर पट्टी सरकवून वाजते. मी बोलतोय ती पाश्चात्त्य शास्त्रीय गिटार. हिला सहा तारा, वरच्या तीन नायलॉनच्या. पिक नाही, उजव्या हाताची बोटं आणि नखं. अंगठा खर्ज सांभाळतो, बाकीची बोटं सूर आणि साथ. म्हणजे एकच माणूस गायक, तबलजी आणि पेटीवाला. म्हणून हातावर भार जास्त.

हात

मुलाला गिटार दिली आणि म्हटलं, "डावा अंगठा मानेवरून काढ आणि वाजव." तो गोंधळला. अंगठ्याशिवाय सूर दाबता येतो हेच त्याला ठाऊक नव्हतं. बहुतेकांचा अंगठा चिमट्यासारखा आवळलेला असतो. खरं तर दंडाचं वजन मागे ओढलं की बोट आपोआप तारेवर बसतं.

घरी एक प्रयोग करा. तारेवर बोट अलगद ठेवा आणि तार छेडत हळूहळू दाब वाढवा. खरखर थांबून सूर स्वच्छ झाला की थांबा. तेवढाच दाब लागतो. बोट पट्टीच्या लगेच मागे असेल तर आणखी कमी. मुलगा याच्या दुप्पट तरी दाबत होता, आणि दिवसाला तीन तास!

पाठ

आपल्याकडे गुरू आधी बैठक शिकवतो, मग सूर. गिटारच्या क्लासमध्ये मात्र अनेकदा पहिल्याच दिवशी पुस्तक उघडतं. डाव्या पायाखाली छोटा स्टूल ठेवायची पद्धत जुनी आहे, पण त्यामुळे कंबरेची एक बाजू उचलली जाते. तासन्‌तास बसणाऱ्यांनी दोन्ही पाय जमिनीवर ठेवून मांडीवर टेकू लावून पाहावा. पंचवीस मिनिटं वाजवलं की पाच मिनिटं उठावं. दिल्लीच्या थंडीत आधी हात कोमट पाण्यात धरावेत.

थकवा आणि इजा यांतला फरक ओळखा. थकवा रात्रीच्या झोपेने जातो. दुखणं दुसऱ्या दिवशीही राहिलं, बोटं बधिर झाली, मुंग्या आल्या, तर डॉक्टरांकडे जा. आणखी एक त्रास असतो ज्यात दुखतच नाही: बोट आपोआप आत वळतं, हुकूम मानत नाही. याला फोकल डिस्टोनिया म्हणतात. दोष स्नायूत नसतो, मेंदूच्या नियंत्रणात असतो. पियानोवादक लिऑन फ्लायशर यांचा उजवा हात 1964 च्या सुमारास असाच गेला. कित्येक दशकं ते डाव्या हाताच्या रचना वाजवत, शिकवत आणि वाद्यवृंद चालवत राहिले. अमेरिकन गिटारवादक डेव्हिड लाइस्नर यांची दहाहून जास्त वर्षं यातच गेली. खांदा, दंड अशा मोठ्या स्नायूंकडे काम सोपवून त्यांनी वादन पुन्हा उभं केलं.

पोट

आता पैसे. आपल्याकडे फक्त मैफलींवर जगणारा शास्त्रीय गिटारवादक विरळा. पोट भरतं ते शिकवण्यावर, परीक्षांच्या तयारीवर, शाळेच्या नोकरीवर, हॉटेल आणि लग्नातल्या वादनावर, कधी रेकॉर्डिंगवर.

इथेच पाठ आणि पोट एकत्र येतात. रविवारी आठ विद्यार्थी, प्रत्येकी 45 मिनिटं, म्हणजे सहा तास गिटार मांडीवर. आपण त्याला "शिकवणं" म्हणतो, हात त्याला वादनच समजतो. संध्याकाळी स्वतःचा रियाज केला की आठ तास झाले. म्हणून वेळापत्रक मांडताना शिकवण्याचे तासही हाताच्या खात्यात धरा.

दुसरं, आपल्याला आजारपणाची रजा नाही. हात थांबला की उत्पन्न थांबतं. तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवल्याशिवाय नवी गिटार घेऊ नका. आयत्या वेळी बुडालेल्या तासाचे पैसे घ्यायचे की नाही, हे पहिल्याच दिवशी पालकांना सांगा. कार्यक्रमाच्या मानधनातून टीडीएस कापला असेल तर विवरणपत्र भरा. कर कमी बसत असेल तर जास्तीची रक्कम परत मिळते. कितीतरी कलाकार ती तशीच सोडून देतात.

ताईंना मी म्हटलं, "परीक्षा पुढच्या सत्रात द्या. आधी डॉक्टर, मग पंधरा दिवस फक्त मोकळ्या तारा." मुलाचा चेहरा उतरला. त्याला म्हटलं, "अरे, परीक्षा पुन्हा येते. मी चार महिने गमावले, तू पंधरा दिवस दे."

एप्रिलमध्ये त्याचा निरोप आला. दुखणं गेलं होतं, अंगठा अजून अधूनमधून आवळतो म्हणाला. माझाही आवळतो. रोज सकाळी पहिली पाच मिनिटं मी अंगठा काढूनच वाजवतो. उद्यापासून तुम्हीही करून बघा. पुढच्या भागात उजव्या हाताची बैठक पाहू.